चव्वेचाळीस रोपांची आंघोळ

मी चव्वेचाळीस रोपांना नळाखाली धरून आंघोळ घातली आणि मग हेअर ड्रायरने त्यांचे केस वाळवले. रोपं मेली.

खरं तर लेख इथेच संपायला हवा. पण संपादकांना दोन ओळी पुरत नाहीत, आणि आमच्या हिचं म्हणणं असं की सांगायचं तर पूर्ण सांगा, स्वतःपुरतं गाळून सांगू नका. ती बाजूलाच मेथी निवडत बसली आहे, त्यामुळे गाळायची सोय नाही.

केस हा शब्द मी गमतीने वापरलेला नाही. या रोपाचं पान बोटाएवढं, गुबगुबीत, सशाच्या कानासारखं. त्यावर दाट पांढरी लव आणि टोकाकडे कडेने तपकिरी ठिपके. नर्सरीवाले याला पांडा प्लांट म्हणतात. आमच्या चाळीत ‘लोकरी’ म्हणतात, मीही तेच म्हणतो. मूळचं हे कुठल्याशा कोरड्या, रखरखीत मुलखातलं. ऊन थेट अंगाला लागू नये, आतलं पाणी उडून जाऊ नये, म्हणून त्याला ही लोकर. असलं रोप आम्ही चिंचपोकळीला आणलं. म्हणजे स्वेटर घातलेल्या माणसाला मोदकपात्रात बसवलं.

मी आधी छापखान्यात बाइंडर होतो. छापखाना बंद पडल्यावर घरात बसून बायकोच्या पायात येण्यापेक्षा गॅलरीत कुंड्या मांडल्या. त्या वाढल्या, शेजाऱ्यांनी मागितल्या, शेजाऱ्यांच्या पाहुण्यांनी मागितल्या आणि बघता बघता तोच धंदा झाला. याला आता चौदा वर्षं झाली. धंद्यात कामं तीन. रोपं तयार करायची, लोकांना द्यायची, आणि लोकांनी ती मारली की त्यांच्या घरी जाऊन बघायची. माझा बहुतेक वेळ तिसऱ्या कामात जातो.

लोक रोपाला कसं मारतात? पाणी घालून. दुसरं काही नाही. दादरला एक निवृत्त प्राध्यापक आहेत, फार सज्जन माणूस. त्यांचा फोन आला, “परब, रोप मलूल दिसतंय हो.” गेलो. कुंडीत नुसता चिखल.

“सर, पाणी किती घालता?”

“फार नाही. आम्ही चहा घेतला की त्यालाही एक कप.”

“चहा किती वेळा होतो?”

“पाच,” सर म्हणाले आणि मग आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली आणत म्हणाले, “सहा.”

त्यांना मी तिसऱ्यांदा तेच सांगितलं, जे मी गेली चौदा वर्षं सगळ्यांना सांगतोय. पान दाबून बघा. घट्ट लागलं तर पाणी नको. जरासं मऊ पडलं, सुरकुतलं, तर पाणी द्या, तेही वरून नाही. ताटलीत पाणी घालून त्यात कुंडी ठेवा, तिला लागेल तेवढं ती खालून ओढून घेईल, उरलेलं ओतून टाका. सरांनी वहीत लिहून घेतलं. प्राध्यापकच ते, वही भरली. रोप गेलं.

लोअर परळच्या टॉवरमध्ये एक तरुण जोडपं होतं. त्यांनी पाणी अगदी बेताने घातलं, पण रोज सकाळी ओल्या फडक्याने एकेक पान पुसलं. “डस्ट बसते ना अंकल.” पुसून पुसून त्या पानांचं टक्कल केलं होतं. मी तिथे सोफ्यावर बसून अर्धा तास भाषण दिलं. ही लव एकदा गेली की परत येत नाही. तिच्यात पाणी अडकून राहिलं की पान कुजतं. धूळ बसली तर कोरडा, मऊ ब्रश घ्यायचा, तान्ह्या बाळाचे केस विंचरतो तसा फिरवायचा, आणि पाणी लावायचं नाही म्हणजे नाही. पोरगी माझं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करत होती. ते रेकॉर्डिंग तिच्याकडे अजून असेल या विचाराने मला कधी कधी घाम फुटतो.

आता मूळ प्रकरण.

आमच्याच मजल्यावर, आमच्यापासून तिसरी खोली शालनवहिनींची. त्यांचा नवरा दत्ता माझ्याबरोबर छापखान्यात होता. तो जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. वहिनी परळच्या एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या कामाला आहेत. एका मुलीला शिकवलं, तिचं लग्न केलं, सगळं एकटीने. पण संक्रांतीनंतर चाळीत हळदीकुंकू सुरू झालं की त्या चार वर्षांत त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. म्हणजे बोलवायचे, आतल्या खोलीत तिळाचे लाडू वळायला. बाहेर बायका बसल्या की त्यांनी मागच्या दाराने निघायचं. कुणी तोंडाने ‘जा’ म्हणायचं नाही. त्याची गरजच पडायची नाही.

होळीच्या आधी एक दिवस त्या माझ्या कुंड्यांपाशी उभ्या राहिल्या. लोकरीच्या पानावरून बोट फिरवत म्हणाल्या, “भावजी, पुढच्या संक्रांतीला मी माझ्या घरी बायका बोलावणार आहे.”

“हळदीकुंकू?” माझ्या तोंडून गेलं.

“कुंकू नाही. कुणाच्या कपाळाला काही लावायचं नाही. तिळगूळ आणि वाण. सगळ्यांना बोलावणार. नवरा असलेल्या, नसलेल्या, सोडलेल्या, न केलेल्या. आमच्या दवाखान्यातली सरोज येईल, डिलाईल रोडहून तिच्या मैत्रिणी येतील. त्यांच्यात कुंकवाचा प्रश्नच नाही. आणि वाण म्हणून मला हे पाहिजे. वापरून संपेल असं काही नको. चाळीस होतील?”

मी म्हटलं, चाळीस काय, साठ करतो. मोठेपणाने बोलायला आपलं काय जातं?

साठ रोपं करायची म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं पाहिजे. याचं बी लावत नाहीत. पानापासून रोप होतं. पान देठाशी धरून डावीकडे-उजवीकडे हलकेच हलवायचं, ते ‘टक’ करून सुटतं. बूड शाबूत हवं, फाटलं तर ते पान गेलं. मग ते चार-पाच दिवस कागदावर नुसतं ठेवायचं. जखमेवर खपली धरली पाहिजे. मग भुसभुशीत मातीवर आडवं टाकायचं. माती म्हणजे तरी काय? थोडी माती, थोडी जाडी रेती आणि बाकी विटांचे बारीक तुकडे. विटांना आमच्याकडे तोटा नाही, रोज एक चाळ पडते. मी गोणी घेऊन जातो आणि हातोडीने फोडत बसतो. माझ्या कुंड्यांमध्ये निम्मं गिरणगाव आहे म्हणा ना.

मग वाट बघायची. तीन-चार आठवड्यांनी पानाच्या बुडाशी गुलाबी दोऱ्यासारखी मुळं फुटतात. मग तिळाएवढं रोप. मग आईचं पान सुकत जातं आणि पोर वाढत जातं. या काळात रोज बघायचं, हात लावायचा नाही. माझ्यासारख्या माणसाला दुसरी गोष्ट फार जड जाते.

पावसाळ्यात तर वैतागच. बाहेर ठेवली तर कुजतात, आत जागा नाही. साठ कुंड्या फ्रिजवर, कपाटावर, टीव्हीच्या मागे, शिलाई मशीनवर. आमची ही मूळची मालवणची. एकदा डाळीचा डबा काढायला गेली तर डब्यामागे कुंडी. “ह्या घरात माणसां ऱ्हवतत की झाडां?” असं ती विचारायची आणि उत्तराची वाट न बघता पंखा रोपांकडे वळवायची. त्यात पांढरी कीड पडली. पिठ्या ढेकूण म्हणतात तिला, कापसासारखी दिसते. कापसाच्या रोपावर कापसाची कीड! चष्मा लावून, कान साफ करायच्या काडीला स्पिरीट लावून मी ती एकेक वेचली. साठातली सोळा गेली. चव्वेचाळीस राहिली. दिवाळीपर्यंत त्यांना छान आकार आला, आणि मी गॅलरीच्या कठड्याशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवू लागलो.

इकडे चाळीत कुजबुज सुरू झालीच होती. तळमजल्यावर राणेकाकी राहतात. वय पंचाहत्तर, चाळीतलं एकही हळदीकुंकू त्यांच्याशिवाय झालेलं नाही. त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “परबा, तू म्हणे तिला झाडं देतोयस?”

“हो काकी.”

“वाण सवाष्णीच्या हातचं असतं. हिच्या हातचं झाड जगणार आहे होय कुणाकडे?”

“काकी, झाडाला काय कळतं कुणाचा हात ते?”

“झाडाला सगळं कळतं,” काकी म्हणाल्या. “तुला कळत नाही.”

हे बोलणं संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर गेलं. शालनवहिनींपर्यंतही गेलं. त्या दिवसापासून त्या दवाखान्यातून आल्या की आधी रोपांशी यायच्या, चपला काढायच्या आधी. मोजायच्या. त्यांचं काय पणाला लागलं होतं ते मला तेव्हाच समजलं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. माहीत नव्हतं म्हणून झालं, असं म्हणायची मला सोय नाही.

कार्यक्रम संक्रांतीनंतरच्या रविवारी ठरला. आमच्या शेजारच्या प्लॉटवर तेव्हा टॉवरचं काम जोरात होतं. दिवसभर सिमेंटची धूळ. लवेत धूळ बसली की ती अशी चिकटते की विचारू नका. गुरुवारी दुपारी मी रोपांकडे पाहिलं तर चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस सिमेंटच्या रंगाची झालेली. ब्रश घेऊन बसलो. एका रोपाला वीसेक पानं, प्रत्येक पानाच्या दोन बाजू. तीन रोपं झाली तोवर पाऊण तास गेला. मान आखडली. राणेकाकींचा आवाज कानात होता. वाटलं, ही असली मळकट रोपं वहिनींनी वाटायची? नवी कोरी दिसली पाहिजेत.

ही लालबागला गेली होती, तीळ आणायला. अडवायला घरात कोणी नव्हतं.

गॅलरीच्या टोकाला नळ आहे. मी एक कुंडी नेली आणि म्हटलं, फक्त एक, बघू तरी. धूळ सरसर निघाली, आणि रोप खाली हिरवंगार! एवढा आनंद झाला की बाकीची कधी नेली मला कळलंच नाही. सगळी धुऊन ओळीत मांडली आणि मग पाहिलं. लव चपटी होऊन पानाला चिकटलेली, चव्वेचाळीस भिजलेल्या मांजरी बसल्यासारख्या. तेव्हा मला लोअर परळच्या सोफ्यावरचं माझंच भाषण आठवलं. पाणी अडकलं की पान कुजतं. म्हणजे आता वाळवायला हवं, आणि लवकर वाळवायला हवं. आमची मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेली तेव्हा तिचा हेअर ड्रायर इथेच राहिला होता.

काय सुंदर वाळत होती हो! लव पुन्हा उभी राहात होती. मी चढ्या बटणावर ठेवला, म्हणजे काम लवकर आटपेल. मध्येच उकडलेल्या भाजीसारखा वास आला. मला वाटलं, शेजारी कुणाकडे दुधी शिजतोय.

शुक्रवारी सकाळी पानं काचेसारखी आरपार दिसत होती. शिजलेल्या कांद्यासारखी. एका पानाला बोट लावलं, ते गळून पडलं. दुसऱ्याला लावलं नाही, तरी पडलं.

हिने पाहिलं. कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “तुमका कोणी सांगल्यान होता?”

“कुणी नाही.”

“ता दिसताच हा.”

मी दादरला धावलो. चार नर्सऱ्या पालथ्या घातल्या. लोकरी एकूण मिळाली सात, त्यातली तीन कीड लागलेली. एक माळी म्हणाला, “काका, तुमच्याकडेच असतात ना ही? आम्हीच तुमचं नाव सांगतो लोकांना.” परत आलो.

शालनवहिनींना सांगणं भाग होतं. त्या दवाखान्यातून आल्या, नेहमीप्रमाणे चपला न काढता कुंड्यांशी गेल्या. मी बोलायच्या आधीच त्यांनी पाहिलं. मी जे झालं ते सांगितलं, आंघोळ, ड्रायर, सगळं. त्यांनी गळून पडलेली पानं एकेक वेचून कुंडीत ठेवली. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग विचारलं, “राणेकाकींना कळलंय?”

“अजून नाही.”

“कळेल.”

“कळेल,” मी म्हटलं. “वहिनी, आपण तारीख पुढे नेऊ. मी सहा-सात महिन्यांत...”

“चाळीस बायकांना मी स्वतः जाऊन सांगितलंय भावजी. दारोदार. आता पुढे ढकललं तर काय म्हणतील ते मला माहीत आहे. आणि नुसता तिळगूळ दिला आणि झाडं मेल्याचं कळलं, तरी तेच म्हणतील. तिच्या वाणाचं बघा काय झालं.” त्या कठड्याला टेकल्या. “मला एवढं एकदा सरळ पार पाडायचं होतं.”

तेवढ्यात आमची ही गॅलरीच्या कोपऱ्याकडे हात करून म्हणाली, “आणि तीं दोन झाडां कित्याक पोसलात मगे?”

कोपऱ्यात दोन मोठ्या कुंड्या आहेत. चौदा वर्षांपूर्वीची माझी पहिली दोन झाडं. गुडघ्याएवढी उंच, दाट, खोडं अंगठ्याएवढी जाड. मी आजवर दिलेली सगळी लोकरी त्यांच्यापासून झालेली. एका झाडाची वर्षाला पाच-सहापेक्षा जास्त पानं मी काढत नाही. कुंड्या जड, म्हणून त्या नळापर्यंत गेल्या नव्हत्या, एवढ्यासाठीच ती झाडं जिवंत होती.

“त्यांना हात लावायचा नाही,” मी म्हटलं.

“पानापासून रोप येतं ना?” वहिनींनी विचारलं.

“येतं. पण सगळ्या पानांना येत नाही. शिवाय नवशिक्याच्या हातात...”

“तुम्ही जुने जाणते. तुमच्या हातात काय झालं?”

मी नळाकडे बघितलं.

“निम्म्यांकडे आलं तरी पुरे,” वहिनी म्हणाल्या. “पान द्या मला. प्रत्येकीला एक.”

मी कुरकुर केली. खूप केली. झाडांना धक्का बसेल म्हटलं, मोसम नाही म्हटलं, दोन दिवसांत खपली पुरती धरणार नाही म्हटलं. मनातलं खरं हे होतं की ती दोन झाडं बघायला लोक यायचे आणि मला ते आवडायचं. शेवटी हिने माझ्या हातात परात दिली आणि बाजूला उभी राहिली. टक. टक. टक. चाळीस पानं काढली. झाडांचे खराटे झाले. त्या दिवसाचं जेवण मला गेलं नाही.

एक काम मात्र मी नीट केलं. बाइंडरचा हात आहे. तपकिरी कागदाच्या चाळीस पुड्या केल्या, हवा खेळेल अशा, गोंद न लावता नुसत्या घडीवर बसणाऱ्या. एकेकीवर एकेकीचं नाव. वहिनींनी एक पुडी उघडून परत बंद करून पाहिली आणि म्हणाल्या, “हे जमतं तुम्हाला.” तीन दिवसांत ऐकलेलं तेवढं एकच चांगलं वाक्य.

रविवारी चार वाजता वहिनींच्या खोलीत आणि बाहेर गॅलरीत सतरंज्या घातल्या. साडेचारपर्यंत तिथे फक्त दोन बायका होत्या, आमची ही आणि सरोज कांबळे. सरोज त्याच दवाखान्यात नर्स आहे, वहिनींची जिवाची मैत्रीण, आवाज खणखणीत. वहिनी उगाच लाडवांचं ताट या स्टुलावरून त्या स्टुलावर ठेवत होत्या. मग डिलाईल रोडच्या सात-आठ जणी आल्या, सरोजला हाका मारत, जिना दणाणून टाकत. तो आवाज ऐकून आमच्या चाळीतली दारं उघडली. एकेक जण आधी गॅलरीत नुसती डोकावली, मग चप्पल काढून आली. पाचला मी मोजल्या, एकतीस. सगळ्यांत शेवटी राणेकाकी. दारातल्या खुर्चीवर बसत म्हणाल्या, “मी घ्यायला नाही आले. बघायला आले.”

वहिनींनी तिळगूळ वाटला आणि उभ्या राहिल्या. “तुम्हाला रोपं देणार होते. रोपं मेली.” काकींनी मान हलवली. वहिनींनी ते पाहिलं आणि सरळ त्यांच्याकडे बघूनच पुढे म्हणाल्या, “माझा हातही लागला नव्हता त्यांना. ज्यांच्या हाताने मेली ते तिथे दाराआड उभे आहेत. भावजी, पुढे या. काय केलंत ते सांगा सगळ्यांना.”

मी पुढे गेलो. एकतीस बायकांसमोर उभं राहून सांगितलं. नळापाशी आलो तेव्हा हसू सुरू झालं, ड्रायरला एक जण लोळायचीच बाकी राहिली. “चढ्या बटणावर?” मागून कुणीतरी विचारलं. दुधीच्या वासाचं सांगितलं तेव्हा राणेकाकींना हसून हसून ठसका लागला, सरोजने पाठीवर थापट्या मारल्या, पाणी दिलं. डोळे पुसत काकी मला म्हणाल्या, “मेल्या, छापखाना पण तूच बंद पाडलास की काय?”

झाडांना हात कुणाचा लागला, हा प्रश्न चाळीपुरता तिथेच संपला. तो मी सोडवला असं म्हणायला माझी हरकत नाही.

मग पुड्या वाटल्या. ‘हे पान आहे, याचं रोप होईल, पाणी घालायचं नाही’ एवढं सांगून मला सुटायचं होतं. पण छे.

“देवापुढे ठेवलं तर चालेल?”

“ठेवा. पण अभिषेक करू नका.”

“वाटीत पाणी घेऊन त्यात ठेवू?”

“नाही.”

“नुसतं शिंपडलं तर?”

“नाही हो.”

“तहान लागेल ना त्याला?”

“बाई, ते पान म्हणजेच पाण्याची पिशवी आहे! पाणी त्याच्या आतच आहे!”

“दूध?”

मी कपाळाला हात लावला. तेव्हा सरोज उभी राहिली. “बायांनो, ऑपरेशन झालेला पेशंट आहे. टाका सुकायचाय. तोंडाने काही द्यायचं नाही. नातेवाइकांनी लांबून बघायचं.” एका क्षणात सगळ्यांना कळलं. चौदा वर्षं मी उगाच घसा कोरडा केला.

काकींच्या नावाचीही पुडी होती, नाव वहिनींनी घालायला लावलं होतं. त्यांनी ती पुढे धरली. काकींनी वहिनींकडे बघितलं, पुडीकडे बघितलं, आणि ती पर्समध्ये टाकली.

त्यानंतरचे दोन महिने माझ्यासाठी शिक्षा होती. गॅलरीत बसायची सोय उरली नाही. “काका, काहीच होत नाहीये.” एक आठवडा झालाय. “काका, पान सुरकुतलं.” सुरकुतायलाच हवं. “काका, मी ते फ्रिजमध्ये ठेवलंय, ताजं राहावं म्हणून.” बाहेर काढा. एकीने त्या पानाची नखाने मधोमध चिरून दोन केली होती, नणंदेलाही एक द्यायचं म्हणून. आणि एका दिवशी सरोजने डिलाईल रोडहून फोटो पाठवला. बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात वाळू, वाळूवर पान, पानाच्या बुडाशी गुलाबी दोरे. खाली लिहिलं होतं, ‘पेशंट स्थिर.’

होळीच्या सुमारास राणेकाकी तिसरा मजला चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या वर येत नाहीत. माझ्यासमोर उभ्या राहून पर्स उघडली आणि आतली पुडी काढली. “परबा, याला काय रोग झालाय बघ.”

पुडी उघडली. पान सुकून अर्धं झालं होतं आणि त्याच्या बुडाशी एकदम टपोरं, हरभऱ्याएवढं रोप. चार पानं, चारांवर लव. अंधारात राहिल्याने फिकट पडलेलं, पण जिवंत.

“काकी, रोग नाही हा. रोप आलंय.”

“मी काही केलेलं नाही हां,” काकी चाचरत म्हणाल्या. “मला आठवणच नव्हती. आज दवाखान्याचा कागद शोधत होते.”

“म्हणूनच आलं.”

मी कुंडी भरून द्यायला लागलो तर काकी म्हणाल्या, “थांब. तू नको. शालन आली का कामावरून?” आणि पुडी तशीच हातात धरून तिसऱ्या खोलीकडे गेल्या. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दार लोटलेलं होतं आणि हिने मला ऐकू दिलं नाही.

माझी दोन जुनी झाडं मेली नाहीत. खोडांवर नवे कोंब फुटले, पण पूर्वीचा दाटपणा नाही, मध्ये मध्ये उघडं खोड दिसतं. बघायला येणारे विचारतात, याला काय झालं? मी म्हणतो, छाटणी केली.

ही मेथीवरून मान वर करून बघतेय. बरं, लिहितो. मी खोटं सांगतो.

गेल्या संक्रांतीच्या महिनाभर आधी मी शालनवहिनींकडे गेलो. या वेळी मी पूर्ण तयारीत होतो. सत्तर रोपं, सगळी निरोगी, ब्रशने साफ केलेली, कुंड्यांवर घरात केलेला गेरूचा रंग. वहिनी जमिनीवर वही घेऊन बसल्या होत्या आणि राणेकाकी पलंगावरून नावं सांगत होत्या. यादी साठाच्या पुढे गेली होती. “जोशांची थोरली पण लिही, तिला कुणी बोलवत नाही,” काकी म्हणत होत्या.

मी उंबऱ्यातूनच म्हटलं, “वहिनी, वाणाची काळजी करू नका. सत्तर तयार आहेत.”

वहिनींनी नाव लिहून पूर्ण केलं आणि वहीतून डोकं वर न काढता म्हणाल्या, “यंदा स्टीलच्या वाट्या आणल्यात, भावजी. तरी तुम्ही हात लावू नका.”